जहाज तेच, विमे दोन: सागरी विमा आणि वॉर रिस्क

अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्याने हॅटरस भूशिरावरचं दीपगृह विझवलं. त्या अंधारात, जागेचा अंदाज चुकलेलं एक कॉफीवाहू जहाज किनाऱ्यावर चढलं आणि फुटलं. मालाचा विमा होता, पण लढाईच्या परिणामांमुळे होणारं नुकसान त्यातून वगळलेलं होतं. १८६३ साली इंग्लंडच्या न्यायालयाने निवाडा दिला: जहाज फुटलं ते कप्तानाची गणना चुकल्याने, विझलेला दिवा हे फार लांबचं कारण. मात्र सुमारे १००० पोती वाचवता आली असती, ती सैनिकांनी आडकाठी केल्यामुळे गेली. तेवढं नुकसान लढाईचं. एकाच जहाजातली कॉफी, पण हिशेब दोन.

वॉर रिस्क म्हणजे सागरी विम्याचीच जरा मोठी आवृत्ती, असा समज सर्रास आढळतो. तो चूक आहे. सागरी विमा वादळ, आग, टक्कर, खडक यांसाठी असतो आणि युद्ध त्यातून मुद्दाम बाहेर काढलेलं असतं. ती वगळलेली जागा वॉर रिस्क भरून काढतो: क्षेपणास्त्र, जप्ती, अगदी जुन्या युद्धातला भरकटलेला सुरुंगसुद्धा. भोक केवढं पडलं यापेक्षा ते कशाने पडलं, हे इथे आधी विचारलं जातं. आज दीपगृहाच्या जागी जीपीएस आहे. सैन्याने सिग्नल बिघडवला आणि त्यामुळे दोन जहाजं आदळली, तर पैसे कुठल्या पॉलिसीतून? मला तरी हा दीडशे वर्षांपूर्वीचाच प्रश्न वाटतो, आणि तो पुन्हा न्यायालयात जाणार याची खात्री वाटते.

दुसरा फरक मुदतीचा. लंडनच्या विमाबाजारातली जॉइंट वॉर कमिटी धोक्याच्या समुद्रांची यादी ठेवते. तिथे शिरण्याआधी विमा कंपनीला कळवावं लागतं आणि जादा हप्ता ठरतो, बहुतेक वेळा फक्त सात दिवसांसाठी. दर १ टक्का धरला तर १० कोटी डॉलरच्या जहाजाला त्या एका आठवड्याचे १० लाख डॉलर. शिवाय परिस्थिती बिघडली की कंपनी सात दिवसांच्या, कधी ७२ तासांच्याही नोटिशीवर कव्हर काढून घेऊ शकते. ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, रशिया, चीन यांच्यापैकी कुणा दोघांत युद्ध पेटलं, तर जहाजाचं वॉर रिस्क कव्हर सहसा नोटिशीविना, आपोआप संपतं.

माल पाठवणाऱ्यांनी मात्र तिसरी गोष्ट आधी तपासावी, कारण खरा फटका तिथे बसतो. मालाचा नेहमीचा विमा गोदामापासून गोदामापर्यंत चालू शकतो. त्याला जोडलेलं युद्धाचं कव्हर माल जहाजावर चढल्यावर सुरू होतं आणि उतरला की थांबतं. उतरायला उशीर झाला तरी शेवटच्या बंदरात पोहोचल्यापासून साधारण १५ दिवसांचीच सवलत. बंदरातल्या गोदामावर बॉम्ब पडला, तर सागरी विमा युद्धाकडे बोट दाखवतो आणि युद्धाचा विमा जमिनीकडे.