वीरक आणि चंदनक

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या दहा अंकी प्रकरणातील (संस्कृत नाटकाच्या एका प्रकारातील) दोन नगररक्षक. दोघेही उज्जयिनीच्या पालक राजाच्या पदरचे, आणि कामही एकच: तुरुंग फोडून पळालेल्या आर्यकाला पकडणे. सहाव्या अंकात ते नाटकाचा नायक चारुदत्त याची गाडी अडवतात. तिच्यात त्याची प्रेयसी, गणिका वसंतसेना आहे, असे गाडीवान सांगतो.

या नाटकातला शकार, म्हणजे राजाचा मेहुणा, ‘स’चा ‘श’ करतो, त्यामुळे तोंड उघडताच ओळखू येतो. या दोघांचे तसे नाही. टीकाकार पृथ्वीधराने त्यांना अवंतिजा या एकाच प्राकृतात बसवले आहे. तिच्यात लोकोक्ती फार, असे तो सांगतो. तरीही नावे झाकून संवाद वाचले तर बहुधा चुकायला होत नाही.

वीरक हुकमाच्या भाषेत बोलतो. तू पूर्वेच्या वेशीवर, तू पश्चिमेच्या, अशी माणसे तो भराभर वाटून देतो. चारुदत्त आणि वसंतसेना ओळखीची खरी, पण राजाचे काम निघाले की आपण बापालाही ओळखत नाही, हे बोलणे त्याचेच. चंदनकाच्या लेखी चारुदत्ताला न ओळखणारा आकाशातला चंद्रही ओळखत नसतो.

गाडीत चढलेल्या चंदनकाला आत आर्यकच दिसतो, आणि तो त्याला अभय देऊन बसतो. खाली उतरल्यावर त्याची जीभ घसरते: आर्य पाहिला... नव्हे, आर्या (वसंतसेना) पाहिली! प्राकृतात ‘दिट्ठो’ आणि ‘दिट्ठा’, फरक एका स्वराचा. (मराठीत ही चूक आयती उतरते, आपलेही क्रियापद इथे कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते.) वीरक नेमका त्या स्वरावर बोट ठेवतो. मग चंदनकाची सारवासारव सुरू होते. आम्ही दाक्षिणात्य, आमचे बोलणे अस्पष्टच. खस, कर्णाट, द्रविड, चोल, चीन, बर्बर अशा कितीकांच्या भाषा आम्हाला येतात, तेव्हा ‘दिट्ठो’ म्हटले काय नि ‘दिट्ठा’ काय! भरताच्या नाट्यशास्त्रात दाक्षिणात्या ही अवंतिजेहून वेगळी भाषा मोजली आहे. म्हणजे चंदनकाचे खरे मानले, तर पृथ्वीधराची वाटणी त्याच्यापुरती डळमळते. पण तो त्या क्षणी खोटे बोलतो आहे, हेही विसरता येत नाही.

तेवढ्यानेही वीरक हटत नाही, तेव्हा चंदनक ‘कर्णाटकलह’, म्हणजे कर्नाटकी तऱ्हेचे भांडण, उकरून काढतो. भांडण एकमेकांच्या जातीवर जाते, वीरकाला लाथ बसते, आणि नवव्या अंकात तो त्याच लाथेची फिर्याद घेऊन न्यायालयात उभा राहतो.