गर्भाशयातले फायब्रॉइड : किती बायकांना असतात

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतच वाढणारी साधी गाठ, कॅन्सर नाही. कोल्हापूर भागात बायका 'पिशवीला गाठ आलीय' नाहीतर 'पोटात गोळा आहे' असं सांगतात, आणि गाठ म्हटलं की घरातले सगळेच घाबरतात. पण गर्भाशयात होणाऱ्या गाठींमध्ये हीच सगळ्यात कॉमन, आणि ज्यांना असते त्यातल्या बऱ्याच जणींना आयुष्यभर पत्ताही लागत नाही.

प्रमाण नेमकं किती, याचं उत्तर तुम्ही शोधता कसं त्यावर आहे. फक्त त्रास होतोय म्हणून दवाखान्यात आलेल्या बायका मोजल्या तर आकडा लहान येतो. अमेरिकेत १९९० साली छापून आलेल्या एका अभ्यासात ऑपरेशन करून काढलेल्या १०० पिशव्या घेतल्या, प्रत्येकीच्या दोन-दोन मिलिमीटरच्या चकत्या पाडून बघितल्या, तर ७७ पिशव्यांत गाठी निघाल्या, त्यातल्या कितीतरी आधी कुणाला दिसल्याच नव्हत्या. मग २००३ साली वॉशिंग्टनचा अभ्यास आला, त्यात त्रास असो नसो, ३५ ते ४९ वयाच्या बायका निवडून सोनोग्राफी केली आणि अंदाज निघाला की पन्नाशीपर्यंत गोऱ्या बायकांत साधारण ७० टक्के आणि कृष्णवर्णीय बायकांत ८० टक्क्यांच्या वर जणींना फायब्रॉइड होतात. हे आकडे तिकडचे आहेत, जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत, पण चाळिशीतल्या बाईच्या रिपोर्टात गाठ दिसणं यात नवल काही नाही हे आपल्याकडेही खरंच. त्रास मात्र यातल्या साधारण चौथाई जणींनाच होतो.

गाठ वाढते इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या बायकांच्या हार्मोनवर, म्हणून पाळी सुरू व्हायच्या आधी ती सहसा नसते आणि पाळी गेल्यावर बहुतेक वेळा आकसते. पाळी लहान वयात आलेली, आई-बहिणीला गाठी असलेल्या, वजन जास्त असलेल्या बायकांत प्रमाण जास्त, बाळंतपणं झालेल्यांत कमी.

रिपोर्टात 'इंट्राम्युरल, ३ बाय २.८ सेंमी' असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि सगळ्यांची नजर त्या सेंटिमीटरवरच जाते. त्याआधीचा शब्द जास्त महत्त्वाचा. इंट्राम्युरल म्हणजे स्नायूच्या आत, सबसिरोजल म्हणजे बाहेरच्या बाजूला, सबम्युकोजल म्हणजे आतल्या अस्तराला लागून. अस्तराजवळची दोन सेंटिमीटरची गाठ बाईला रक्त जाऊन जाऊन पांढरीफटक करते आणि बाहेरच्या बाजूची सात सेंटिमीटरची कधीकधी काहीच करत नाही. तासा-दोन तासाला पॅड बदलावा लागणं, मोठ्या गुठळ्या पडणं, पाळी आठ दिवसांच्या वर चालणं, सारखी लघवीला लागणं ही लक्षणं. आपल्याकडे 'बाईच्या जातीला अंगावरून जायचंच' म्हणून हे वर्षानुवर्षं काढतात, आणि महाराष्ट्रात आधीच निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५४ टक्के.

दुसरं टोक म्हणजे गाठ दिसली की पिशवी काढायची. कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांवर हंगामात बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात, त्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या २०१९ च्या सरकारी पाहणीत १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली, बऱ्याच जणी ऐन उमेदीच्या वयातल्या. त्या सगळ्या फायब्रॉइडच्या होत्या असं नाही, पण पाळीच्या तक्रारीवर पहिलाच उपाय ऑपरेशन ठरला की काय होतं ते यात दिसतं. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर लगेच मेनोपॉज येतो, हाडं लवकर ठिसूळ होतात.

त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवायचं, ठराविक काळाने सोनोग्राफी करायची. रक्तस्त्राव असेल तर ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या, हार्मोनवाली कॉपर-टीसारखी मिरेना, लोहाच्या गोळ्या. मूल हवं असेल तर पिशवी ठेवून फक्त गाठ काढता येते, आणि अस्तराजवळची गाठ बऱ्याचदा खालून दुर्बिणीने निघते, पोटाला टाकाही नाही. गाठीचा रक्तपुरवठा बंद करायची एम्बोलायझेशनची पद्धत १९९५ पासून आहे. यातलं काहीच लागू पडलं नाही, मुलं झालेली आहेत आणि बाईलाच नको झालंय, तर पिशवी काढणं हा योग्यच उपाय.

फायब्रॉइडमधून कॅन्सर होणं फार दुर्मिळ. पण पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत रक्त दिसलं किंवा गाठ तेव्हा वाढायला लागली तर ते फायब्रॉइडवर ढकलू नये, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात नाहीतर जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाऊन अस्तराची तपासणी करून घ्यावी.