असमान वर्तुळाकार गती (बदलते त्वरण)

वर्तुळावर फिरणाऱ्या वस्तूची चाल बदलत असेल आणि ती बदलण्याचा दरही स्थिर नसेल, तर शाळेत पाठ केलेली तीन गतिविषयक समीकरणे उपयोगी पडत नाहीत. ती स्थिर त्वरणापुरतीच खरी. इथे त्वरणाचे दोन घटक वेगळे काढतात. अभिकेंद्री त्वरण केंद्राच्या दिशेने असते आणि ते चालीच्या वर्गाला त्रिज्येने भागून मिळते. स्पर्शीय त्वरण म्हणजे चाल बदलण्याचा दर. दोन्ही परस्परांना लंब असल्याने एकूण त्वरण पायथागोरसच्या सिद्धांताने काढावे लागते.

नाशिकच्या मुंबई नाक्यासारख्या वाहतूक बेटाला पावसात वळसा घालणारी स्कूटर घेऊ. हिशेबापुरती त्रिज्या २० मीटर, ओल्या रस्त्याचा घर्षणांक ०.४. स्कूटर थांबलेल्या स्थितीतून निघते आणि तिचे स्पर्शीय त्वरण काळाच्या ०.६ पट वाढत जाते. समाकलन केले की चाल काळाच्या वर्गाच्या ०.३ पट येते. घर्षण जास्तीत जास्त ०.४ × ९.८ = ३.९२ मी./से.² इतकेच त्वरण देऊ शकते. ४.९ सेकंदांनी चाल ७.२ मी./से. होते, तेव्हा अभिकेंद्री त्वरण २.५९, स्पर्शीय २.९४ आणि एकूण ३.९२. म्हणजे चाक इथेच घसरू लागते. फक्त अभिकेंद्री त्वरण पाहणाऱ्याला हीच वेळ ५.४ सेकंद वाटेल. परीक्षेत गुण जातात ते बहुधा इथेच, आणि वळणावर ॲक्सिलरेटर पिळणाऱ्याची गाडीही याच कारणाने घसरते.

स्पर्शीय त्वरण काळावर अवलंबून असेल तर वरची रीत चालते. ते स्थानावर अवलंबून असेल तर ‘चाल गुणिले अंतरानुसार चाल बदलण्याचा दर’ या रूपात लिहून अंतरावर समाकलन करतात. ते चालीवर अवलंबून असेल तर चले आधी वेगळी करावी लागतात. चालीच्या वर्गाच्या प्रमाणात रोध असेल, तर चाल अंतरानुसार घातांकी पद्धतीने घटते. नवरात्रात कालिका देवीच्या यात्रेतला आकाशपाळणा एका लयीत फिरत असताना या नोंदीत बसत नाही. सुरू होताना आणि थांबताना बसतो.

दोरीला बांधून उभ्या वर्तुळात फिरवलेल्या दगडाचे स्पर्शीय त्वरण गुरुत्वामुळे प्रत्येक कोनाला वेगळे असते. तिथे समाकलनाऐवजी ऊर्जा अक्षय्यतेचा नियम वापरणे सोपे. त्यावरून पूर्ण फेरीसाठी तळाशी लागणाऱ्या किमान चालीचा वर्ग गुरुत्वत्वरण आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या पाचपट निघतो. दगड पूर्ण फेरी मारत असेल, तर त्याची चाल कितीही असो, तळाचा ताण माथ्याच्या ताणापेक्षा दगडाच्या वजनाच्या सहापटीने जास्त असतो.