बर्फाखाली भरणारी गाभोळी

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरचं ईरी सरोवर हे तिथल्या पाच महासरोवरांपैकी सगळ्यात उथळ. सरासरी खोली १९ मीटर, पश्चिम टोकाला तर त्याच्या निम्मीही नाही. त्यामुळे कडक थंडी पडली की ते लवकर गोठतं. बर्फ माणसाचं वजन पेलण्याइतका जाड झाला की गळवाले त्यावर चालत जातात, मोठ्या गिरमिटाने वीतभर रुंदीचं भोक पाडतात आणि आखूड काठीची दोरी थेट तळापर्यंत सोडतात. त्यांना हवा असतो पिवळा पर्च.

गोठलेल्या सरोवरात मासा जगतो, कारण पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असतं. ते पाणी तळाशी बसतं, त्याहून थंड पाणी वर राहून गोठतं आणि खाली द्रवरूप पाणी शिल्लक राहतं. इतक्या थंडीत बरेच मासे खाणं जवळपास बंद करतात. पर्च मंदावतो, पण तोंड मिटून बसत नाही. लहानसा मासा किंवा अळी समोर हलली की चोखंदळपणे टोचून पाहतो. हा झटका इतका हलका असतो की नवख्याचं आमिष कधी गेलं ते त्याला कळतही नाही.

हाती आलेला पर्च दिसतो देखणा. सोनेरी पिवळ्या अंगावर सहा ते नऊ काळपट उभे पट्टे, पोटाखालचे पर नारिंगी. पाठीवरचा पुढचा पर मात्र निव्वळ काट्यांचा. म्हणून त्याला डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत, काटे चेपत धरायचं. उलटं धरलं की तळहातातून रक्त. बहुतेक पर्च पाव किलोच्या आतबाहेरच असतात. १८६५ साली न्यू जर्सीतल्या बॉर्डनटाऊनला मिळालेल्या जवळपास १.९ किलोच्या पर्चचा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

हा मासा डोळ्यांवर शिकार करतो. दिवसा थव्याने फिरतो, अंधार पडला की थवा विस्कटतो आणि एकेक जण तळाला जाऊन पडून राहतो. त्यामुळे सूर्य मावळला की पर्चवाल्यांनी गाशा गुंडाळायचा. त्याचाच नातलग वॉलआय याच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा थर असतो, त्याची वेळ तेव्हा सुरू होते. पर्च त्याच्या आवडीचं खाणं आहे, हेही इथेच सांगून ठेवतो.

आणखी एक गोष्ट गळवाल्यांनी समजून घ्यायला हवी. पर्चच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला घशाकडे जाणारी वाट नसते. दहा मीटरहून खोल पाण्यातून त्याला भराभर वर ओढलं, तर दाब उतरून ती पिशवी फुगते आणि कधी कधी जठर तोंडातून बाहेर येतं. अशा माशाला ‘लहान आहे, जाऊ दे’ म्हणत पाण्यात सोडण्यात दया कमी आणि मनाचं समाधान जास्त. खोल पाण्यात निवडानिवड करूच नये, असं माझं मत.

पण या माशाचं खरं नवल त्याच्या गाभोळीत आहे. मादीच्या पोटात दोन नव्हे, एकच अंडाशय असतो. शरद ऋतूत त्यात अंडी भरायला लागतात आणि बर्फाखालच्या महिन्यांत ती भरतच राहतात. वसंतात पाणी साधारण ७ ते १२ अंशांवर आलं की मादी सगळी अंडी एकाच जेलीच्या पोकळ पट्टीत घालते. हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या पडलेली ही पट्टी उलगडली तर दीड-दोन मीटरही भरते. पाणवनस्पतींवर, बुडालेल्या फांद्यांवर ती अडकून राहते, त्यामुळे अंडी गाळात रुतत नाहीत. आईबाप मात्र तिथून निघून जातात. राखण वगैरे काही नाही.

या गाभोळीला थंडी किती लागते, हे ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी ईरीच्या पर्चवर तपासलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, लहान आणि उबदार हिवाळा अनुभवलेल्या माद्यांनी छोटी अंडी घातली. त्यांतली फुटली कमी, आणि जी पिल्लं निघाली तीही लहान. हिवाळा सौम्य असेल तर माशाचं बरंच चालेल, असं आपल्याला वाटतं. पर्चच्या बाबतीत ते उलटं निघालं. शिवाय वसंत लवकर आला म्हणून माद्यांनी अंडी घालण्याची वेळ त्या प्रमाणात अलीकडे आणली नाही. पिल्लं बाहेर पडतात तेव्हा त्यांना लागणारे सूक्ष्म जीव पाण्यात असतीलच, याची मग खात्री उरत नाही.

ईरीत दरवर्षी किती पर्च पकडायचा हे भोवतालची चार अमेरिकी राज्यं आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत मिळून ठरवतात. त्यासाठी सरोवराचे चार भाग केले आहेत. गेल्या काही वर्षांत ओहायोलगतच्या मधल्या भागात पर्च इतका घटला की तिथे गळवाल्यांची रोजची मर्यादा पश्चिमेपेक्षा बरीच खाली आणावी लागली. हिवाळा तर दोन्हीकडे जवळपास सारखाच. म्हणजे सगळा दोष थंडीवर टाकता येत नाही. २०१५ आणि २०१८ साली वॉलआयची पिल्लं फार मोठ्या संख्येने जगली. ती मोठी झाल्यावर खाणार काय, तर इतर माशांबरोबर पर्चची पिल्लंही.