रॅप फास्ट केला की आवाज चिरका का होतो?

हिप-हॉपची बरीचशी गाणी मिनिटाला ९० ठोक्यांच्या, म्हणजे ९० बीपीएमच्या आसपास असतात आणि हाउस म्युझिक, म्हणजे क्लबमध्ये नाचायला वाजतं ते, १२५-१२८ ला. आता अशा रॅपचा हाउस रिमिक्स करायचाय, तर डोक्यात पहिलं हेच येतं की गाणं फास्ट करून टाकू, झालं काम. करून बघा एकदा! रॅपरचा भारदस्त आवाज पार कार्टूनमधल्या उंदरासारखा होतो.

कारण सोपं आहे. आवाज म्हणजे हवेची कंपनं, आणि ९० चं १२८ करायला रेकॉर्डिंग १.४२ पट वेगानं पळवलं की प्रत्येक कंपनही तितक्याच पट वेगानं होणार, म्हणजे स्वर सहा सेमीटोन (पेटीच्या सहा पट्ट्या, काळ्या-पांढऱ्या धरून) वर चढला, षड्ज लावला होता तिथं थेट तीव्र मध्यम. वर घशातल्या नि तोंडातल्या पोकळीत आवाज जसा घुमतो तेही सगळं वर सरकतं, मग मेंदूला वाटतं की बोलणाऱ्याचा घसाच एवढासा आहे.

गंमत म्हणजे जुन्या बीटमेकर (रॅपमागचं संगीत बनवणाऱ्या) लोकांनी याच गोष्टीचा फायदा उठवला. १९८७ साली एसपी-१२०० नावाचा सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं मशीन, आला, त्यात मेमरी सगळी मिळून फक्त १० सेकंदांची! मग काय, ३३ आरपीएमची (मिनिटाला ३३ फेऱ्यांची) रेकॉर्ड ४५ वर पळवायची, ती पटकन संपते म्हणून जागा कमी लागते, आणि नंतर मशीनमध्ये स्लो करून मूळ सुरावर आणायची. आता हे मशीन सेकंदाला साधारण २६ हजार वेळाच आवाज मोजायचं (सीडीत हाच आकडा ४४,१०० आहे) आणि मोजलेल्या दराच्या निम्म्यापर्यंतचीच कंपनं पकडता येतात, म्हणजे १३ हजारांच्या वरचं सगळं गेलं. त्यात पुन्हा १२ बिट, म्हणजे आवाजाच्या पायऱ्या ४,०९६ च, सीडीत त्या ६५,५३६ असतात. अशा अर्धवट आवाजाला आणखी ताणलं की खरखर येते. ती खरखर लोकांना इतकी आवडली की आज चकाचक कॉम्प्युटरवर ती मुद्दाम घालतात.

वेग बदलायचा पण सूर नाही, यासाठी टाइम-स्ट्रेचिंग आहे. आवाजाचे काही मिलिसेकंदांचे बारीक तुकडे करायचे, फास्ट करताना तुकडे एकमेकांवर जास्त चढवायचे, स्लो करताना काही तुकडे परत वाजवायचे. तुकड्याच्या आतली कंपनं जशीच्या तशी राहतात म्हणून सूर हलत नाही. गळ्याच्या आवाजाला हे बऱ्यापैकी चालतं, ड्रमचं मात्र वाटोळं होतं, कारण स्नेअरचा (ड्रम सेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) दणका एका क्षणाचा, तो दोन तुकड्यांत आला की एकाऐवजी दोनदा वाजल्यासारखा वाटतो.

म्हणून ड्रमला वेगळी ट्रिक. प्रत्येक ठोक्यावर कापायचं आणि ते काप कमी अंतरानं वाजवायचे, ताणायची भानगडच नाही. द विन्स्टन्स बँडच्या १९६९ च्या एका गाण्यातला जेमतेम सात सेकंदांचा 'आमेन ब्रेक' (ब्रेक म्हणजे गाण्यातला नुसत्या ड्रमचा तुकडा) असाच कापून आधी हिप-हॉपमध्ये आणि मग जंगल, ड्रम अँड बेस या वेगवान डान्स म्युझिकच्या प्रकारांमध्ये इतक्या वेळा वापरला गेला की मोजदाद नाही. तो वाजवणारा ड्रमर ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत गेला, या सगळ्यातून एक पैसाही न मिळता. हे वाचल्यापासून तो ब्रेक ऐकताना मला जरा वेगळंच वाटतं.

रॅप ड्रम अँड बेसवर इतका सहज का बसतो माहितीये? रॅप ८७ बीपीएमचा आणि ड्रम अँड बेस १७४ चं, बरोबर दुप्पट! रॅपर आपल्या चालीनं बोलतोय, ड्रम खालून दुप्पट धावतायत, आणि आवाजाला कुणी हातच लावलेला नाही.

उरला प्रश्न नुसता गळा मिळवायचा. गाण्याचं इन्स्ट्रुमेंटल व्हर्जन मिळालं तर त्याची लहर उलटी करून मूळ गाण्यात मिसळायची, वर-खाली एकमेकांना खाऊन टाकतात आणि रॅप तेवढा शिल्लक राहतो, पण दोन्ही फाइली अगदी तंतोतंत जुळायला हव्यात. हल्ली न्यूरल नेटवर्क हे काम इन्स्ट्रुमेंटलशिवायही करतं, तरी हेडफोन लावून ऐकलंत तर शब्दांच्या मागे हाय-हॅटचं (ड्रम सेटमधल्या झांजांच्या जोडीचं) भूत कुजबुजत असतंच.