कल्ल्यावर पांढरं दिसलं: फंगस की अँकर वर्म?

मागच्या मे मध्ये आमच्या ॲक्सोलॉटलच्या (पाण्यातच राहणारा सॅलमँडर, कल्ले डोक्याबाहेर तुऱ्यांसारखे) कल्ल्यावर पांढरं काहीतरी लोंबायला लागलं, मी शहाण्याने जंत समजून चिमट्याने ओढलं तर निघाला नुसता कापसासारखा लगदा आणि सोबत कल्ल्याचे दोन तुरे. (तुरे परत आले म्हणा, याला पायसुद्धा परत फुटतो.) ती फंगस होती.

फंगस म्हणजे पाण्यात भिजलेला कापूस, मऊ, फुगीर, आणि बहुतेक वेळा आधी खरचटलेल्या जागीच धरते. अँकर वर्म नावालाच वर्म, तो खरा झिंगे-खेकड्यांच्या कुळातला, मादी डोकं कातडीत रुतवून बसते, बाहेर ताठ दोरा दिसतो, टोकाला कधीकधी अंड्यांच्या दोन बारीक पिशव्या, आणि जिथे रुतलाय तिथे लाल सूज. टॉर्च मारू नका, ॲक्सोलॉटलला उजेड सहन होत नाही, काचेतून फोटो काढून झूम करा.

फंगसचे बीज प्रत्येक टँकमध्ये असतातच, प्राणी अशक्त झाला की ते डोकं वर काढतात. ॲक्सोलॉटलला हवं १६ ते १८ डिग्री पाणी, २४ च्या वर त्रास सुरू, आणि आपल्या नाशिकला मे मध्ये पारा ४० ला टेकतो! टँकवर छोटा फॅन लावा, इथली उन्हाळी हवा कोरडी त्यामुळे पाणी उडून चांगलं गार होतं, मुंबईवाल्यांना हे तेवढं जमत नाही. अँकर वर्म मात्र बाहेरूनच येतो, नदी-धरणातले बारके जिवंत मासे खायला घातले किंवा वनस्पती न धुता टाकल्या की आलाच.

फंगसला आयोडीन नसलेलं मीठ, लिटरला २ छोटे चमचे (टीस्पून), वेगळ्या डब्यात थंड पाण्यात, १० मिनिटं बस. रुतलेला वर्म याने हलत नाही, तो डॉक्टरकडूनच काढून घ्या, घरी ओढला तर डोकं आतच राहतं, शिवाय वर्मची पिल्लं टँकच्या पाण्यात फिरत असतात म्हणून टँकचंही बघावं लागतं. दुकानातलं माशांचं औषध विचारल्याशिवाय ओतू नका, त्यात कॉपर असलं तर ॲक्सोलॉटलच्या कातडीतून सरळ आत जातं.

मी आता जिवंत मासे बंदच केलेत, गांडुळं देतो. पण द्राक्षबागेतली नाही हं, तिथे फवारणी किती असते माहितीये ना, मामांच्या परसातल्या कुंड्यांमधली आणतो.