मक्याच्या पेरणीचा टक्का: अमेरिकेतल्या वसंत हंगामाची पार्श्वभूमी

एप्रिल उजाडला की अमेरिकेत दर सोमवारी दुपारी कृषी खात्याकडून मक्याच्या पेरणीचा टक्का जाहीर होतो आणि पुढे काही आठवड्यांत त्याला उगवणीच्या टक्क्याची जोड मिळते. आकडे १८ राज्यांचे असतात. देशातला ९० टक्क्यांहून जास्त मका तिथेच होतो. शिकागोचा वायदा बाजार या दोन आकड्यांवर हलतो. तिथला भाव पुढे आपल्याकडच्या मक्यापर्यंत आणि कोंबडीखाद्यापर्यंत झिरपतो. त्यामुळे हा टक्का नेमका कसा तयार होतो आणि त्यात काय दिसत नाही, हे इथल्या वाचकालाही माहीत असलेलं बरं.

हवामान आणि पिकांचा साप्ताहिक आढावा अमेरिकेत १८७२ पासून निघतो. त्या काळी आणि पुढे कित्येक दशकं मका चौफुलीवर पडत असे. शेताच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत गाठी मारलेली तार ताणायची. यंत्र गाठीवर आलं की दाणे पडायचे. दोन्ही दिशांना ४० इंचांचं अंतर राही, म्हणून कोळपणी उभी-आडवी होई. लवकर पेरायची घाई नव्हती, कारण तणाचा पहिला फेर उगवू द्यायचा, तो नांगरटीत मारायचा आणि मग पेरायचं, असा हिशेब होता. १९३० च्या दशकात संकरित बियाणं आलं, दुसऱ्या महायुद्धानंतर तणनाशकं आली. तार सुटली, ओळी ३० इंचांवर आल्या. बियाण्याची थंडी सोसण्याची ताकद वाढली, बीजप्रक्रिया सुधारली, नांगरट कमी झाली. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या पंचवीस वर्षांत पेरणी साधारण दोन आठवडे अलीकडे सरकली. आज आयोवा-इलिनॉयमध्ये २० एप्रिलनंतर यंत्र उभं असेल तर शेतकरी अस्वस्थ होतो.

यंत्रं मोठी झाली आणि वेगाचं गणितही बदललं. २०१३ च्या मे महिन्यात, १२ तारखेला २८ टक्के असलेली पेरणी १९ तारखेला ७१ टक्क्यांवर गेली. एका आठवड्यात सुमारे ४ कोटी एकर! तेव्हापासून ‘उशीर झाला तरी आठवड्याभरात भरून निघेल’ हे वाक्य बाजारात रुळलं. ते अर्धंच खरं आहे. वाफसा असेल तरच आठवडा कामाचा असतो, आणि पेरणी उरकली म्हणजे उगवण झाली असं नाही.

उगवणीचा हिशेब उष्णतेवर चालतो. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान यांची सरासरी काढायची, त्यातून १० अंश सेल्सियस वजा करायचे. किमान १० च्या खाली गेलं तर ते १० च धरायचं. अशी बेरीज सुमारे ६५ झाली की कोंब वर येतो. एप्रिलअखेर कमाल १८ आणि किमान ७ असेल तर रोज ४ जमा होतात, म्हणजे सोळा दिवस. मेअखेर कमाल २७ आणि किमान १५ असेल तर रोज ११, म्हणजे सहा दिवस. म्हणून लवकर पेरणीच्या वर्षी दोन टक्क्यांमधली दरी मोठी दिसते आणि तीत घाबरण्यासारखं काही नसतं. दरी तीन आठवड्यांनंतरही भरली नाही, तर मात्र शेतात उतरून उकरून पाहावं लागतं.

उकरल्यावर काय दिसतं यावरून कारण कळतं. पेरल्यावर पहिले २४ ते ४८ तास दाणा पाणी शोषतो. त्या वेळी माती १० अंशांखाली गेली, विशेषतः थंड पाऊस झाला, तर पेशींची आवरणं फाटतात. अशा दाण्याचा कोंब सरळ वर न येता स्क्रूसारखा पिळवटतो किंवा मातीखालीच पानं उलगडतो. जोराच्या पावसानंतर ऊन पडलं की पपडी धरते. कोंब तिच्याखाली अडतो. तिथे फिरता दातेरी कोळपा वेगाने फिरवून पपडी फोडायची असते, पण कोंबानं मातीखाली पान उलगडण्याआधीच. नंतर उपयोग नाही. खोली ४ ते ५ सेंटीमीटर ठेवतात. वरवर पेरलं तर मुख्य मुळांचा मुकुट कोरड्या मातीत येतो, आणि पंधरवड्यानं वाऱ्यात रोपं लोळतात.

सगळ्यात फसवी चूक ओल्यात पेरण्याची. यंत्राच्या चकत्या ओल्या मातीत चर काढतात तेव्हा चराच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. उगवण छान दिसते आणि अहवालात तो एकर ‘उगवला’ म्हणून मोजलाही जातो. पण माती सुकली की चर उघडतो, मुळं बाजूला न जाता चराच्या रेषेतच धावतात आणि जुलैत पहिल्या उन्हाच्या ताणाला पीक माना टाकतं. साप्ताहिक टक्क्यात हे कुठेच नोंदवलं जात नाही.

दुबार पेरणीचा निर्णय रोपं मोजून होतो. ३० इंची ओळीत १७ फूट ५ इंच अंतरातली रोपं मोजली की एकराच्या हजाराव्या भागाची गणना होते. २८ रोपं आली तर एकरी २८ हजार. शेतात पाच-सहा ठिकाणी मोजून सरासरी काढतात. पाणी साचलेल्या जागी मात्र घाई नको: सहा पानांपर्यंत वाढबिंदू जमिनीखाली असतो, थंड हवेत रोप पाण्याखाली दोन ते चार दिवस तग धरतं. तापमान २५ अंशांच्या वर असेल तर एका दिवसातही जातं.

आता टक्क्याच्या गुंत्याकडे. महाराष्ट्रातल्या पेरणी अहवालात टक्का सरासरी क्षेत्राशी लावतात, म्हणून मका १२० टक्के पेरला गेला असं वाचायला मिळतं. अमेरिकेत छेद वेगळा असतो: यंदा जेवढं क्षेत्र पेरलं जाईल असं माहिती देणाऱ्याला वाटतं, त्यापैकी किती पेरलं गेलं. माहिती देणारे हजारो स्थानिक जाणकार असतात आणि आकडा त्यांच्या अंदाजाचा असतो, मोजणीचा नव्हे. साध्या वर्षी छेद जवळपास स्थिर राहतो. पण शेतकरी पेरणीचा बेत सोडू लागले की छेद लहान होतो, आणि एकही यंत्र न हलता टक्का वाढू शकतो. २०१९ मध्ये नेमकं हे घडलं, आणि त्या वर्षीचा सरकारी मदतीचा निर्णय वादग्रस्त ठरला.

त्या मे महिन्याअखेर संपलेले बारा महिने अमेरिकेच्या नोंदींतले सर्वांत ओले होते. २६ मे रोजी पेरणी ५८ टक्के होती, पाच वर्षांची सरासरी होती ९०. उगवण ३२ टक्के, सरासरी ६९. २ जूनला इंडियाना ३१, ओहायो ३३ आणि इलिनॉय ४५ टक्क्यांवर अडकले होते. पीकविम्याची अंतिम पेरणी तारीख आयोवात बहुतेक ठिकाणी ३१ मे, पूर्वेकडच्या राज्यांत बरेच ठिकाणी ५ जून. तारखेनंतर २० दिवस उशिराची मुभा, पण विमा संरक्षण रोज १ टक्का घटतं. पेरणी होऊच शकली नाही तर मक्याला हमीच्या ५५ टक्के भरपाई. अट अशी की किमान २० एकर किंवा विम्याच्या युनिटच्या (एकत्र विमा उतरवलेल्या जमिनीच्या) २० टक्के क्षेत्र अडलेलं हवं.

उदाहरण घेऊ. सरासरी उतारा एकरी १७० बुशेल (मक्याचा एक बुशेल म्हणजे सुमारे २५ किलो), विमा ८० टक्क्यांचा, म्हणजे १३६ बुशेल. त्या वर्षीचा विमा भाव बुशेलला ४ डॉलर. हमी ५४४ डॉलर. न पेरल्यास त्याचे ५५ टक्के, सुमारे ३०० डॉलर. चिखलात अंतिम तारखेनंतर दहा दिवसांनी पेरलं तर हमी ४९० वर येते आणि पेरणी-काढणीचा खर्च अंगावर. इंडियाना-ओहायोत अनेकांसाठी न पेरणं हाच शहाणपणाचा हिशेब होता.

तेवढ्यात, २३ मे रोजी, चीनशी चाललेल्या व्यापारयुद्धाची झळ बसलेल्यांसाठी १६ अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली. ती पेरलेल्या एकरावर मिळणार होती. एकरी किती, ते सांगितलं नव्हतं. दर जुलैच्या अखेरीस कळले, जिल्ह्यानुसार १५ ते १५० डॉलर. म्हणजे जमीन सोडायची की पेरायची हे ठरवण्याच्या ऐन पंधरवड्यात शेतकऱ्यापुढे आकडा नसलेलं आमिष ठेवलं गेलं. पेरणीचा उद्देश मदत नाही, असं वरून सांगितलं जात होतं. मदत पेरलेल्या एकराला जोडल्यावर त्या सांगण्याला किती अर्थ उरतो? जूनमध्ये ज्यांनी ओल्यात यंत्र घातलं, त्यांच्यापैकी किती जण भावासाठी आणि किती जण मदतीसाठी, हे वेगळं काढता येणार नाही. पण घोषणेची वेळ चुकीची होती. दरम्यान डिसेंबरचा वायदा साडेचार डॉलरच्या वर गेला आणि ओढ आणखी वाढली. २० जूनला आणखी एक सवलत आली: न पेरलेल्या जमिनीवरच्या आच्छादन पिकाची चाऱ्यासाठी कापणी १ नोव्हेंबरऐवजी १ सप्टेंबरपासून. ही मात्र रास्त होती, कारण चाऱ्याची टंचाई खरी होती.

टक्का १६ जूनपर्यंत ९२ वर पोचला. कागदावर हंगाम जवळजवळ सावरला. २८ जूनच्या क्षेत्र अंदाजात ९.१७ कोटी एकर आले. ती पाहणी महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात झाली होती, तेव्हा बरंच क्षेत्र अजून ‘पेरणार आहोत’ याच सदरात होतं. आक्षेप इतके आले की जुलैत १४ राज्यांत पुन्हा विचारणा करावी लागली. १२ ऑगस्टला आकडा ९ कोटींवर आला, त्याच दिवशी न पेरलेल्या मक्याचं क्षेत्र १.१२ कोटी एकर जाहीर झालं, तरी बाजाराला त्याहून मोठी कपात अपेक्षित होती आणि भाव एका दिवसात घसरण्याच्या कमाल मर्यादेपर्यंत, म्हणजे २५ सेंटनी, कोसळला. अखेरचं पेरणी क्षेत्र ८.९७ कोटी एकर ठरलं. उतारा १७६ वरून १६७ बुशेलवर आला. उत्तर डकोटात बराच मका बर्फात उभा राहिला आणि पुढच्या वसंतात काढला गेला.

२०१९ नंतरचे टक्के वाचताना एक गोष्ट सहज निसटते. पाच वर्षांच्या सरासरीत ते वर्ष २०२० ते २०२४ या पाचही हंगामांत होतं, त्यामुळे सरासरी खाली ओढली गेली आणि मध्यम गतीची पेरणीही ‘सरासरीच्या पुढे’ दिसत राहिली. २०२५ च्या हंगामात ते सरासरीतून बाहेर पडलं. त्यामुळे तेव्हापासूनचा ‘सरासरीच्या पुढे’ आणि त्याआधीचा ‘सरासरीच्या पुढे’ एकाच मापाचे धरता येत नाहीत. दोन हंगामांची तुलना करायची तर त्या त्या तारखेचे मूळ टक्केच शेजारी ठेवावे लागतात.